निर्वासितांचें रंगांगण

घरदार सोडून आलेला मनुष्य प्रथम अन्न व निवारा शोधतो. परंतु १९५९ सालीं तिबेटांतून भारतांत आलेल्या लोकांनीं त्याच वर्षीं कालिंपाँग येथें एक नाट्यसंगीत मंडळी उभारली! पुढें ती धरमशाळेस गेली. आजही तेथेंच आहे.

'ल्हामो' हें त्यांचें संगीत नाटक. लोखंडी साखळ्यांचे पूल बांधणारे सिद्धपुरुष थांगतोंग ग्याल्पो यांनीं पुलांसाठीं द्रव्य जमविण्यास तें सुरू केलें, असें परंपरा सांगते. पडदा नाहीं, नेपथ्य नाहीं; अंगणांत छत ताणावें, ढोल व झांजा घ्याव्या, कीं दिवसभर खेळ चालतो. आरंभीं निळ्या मुखवट्यांचे व्याध येऊन भूमिशुद्धि करतात. आपल्या नांदीची येथें कोणासही आठवण व्हावी.

ल्हासा येथें हे खेळ 'शोतोन' म्हणजे दह्याच्या उत्सवांत, नोर्बुलिंका उद्यानांत होत. धरमशाळेंतही तो उत्सव भरतो व निरनिराळ्या वसाहतींच्या मंडळ्या तेथें येतात. त्यांतील तरुण नटांपैकीं पुष्कळांनीं ल्हासा पाहिलेलें नाहीं. तें उंच, कंपित गायन त्यांच्याकडे वृद्ध नटांच्या कंठांतून आलें, आणि तिबेटांत शिकलेले ते वृद्ध आतां फार थोडे उरले. ध्वनिमुद्रण सूर राखील. परंतु चुकलेल्या शिष्यास थांबवून तीच ओळ पुन्हां म्हणावयास लावणें त्यास साधत नाहीं.