‘कुंकू’ : पाहणारा कोण?

१९३७ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें काढलेला ‘कुंकू’ हा बोलपट जरठकुमारीविवाहावरील टीका म्हणून वाखाणला गेला. तें वर्णन खोटें नव्हे, अपुरें आहे.

लॉरा मल्व्ही या इंग्रज विदुषीनें १९७५ सालीं, फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा आधार घेऊन, असें प्रतिपादन केलें कीं, चित्रपटांत पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती स्त्री. कॅमेऱ्याचा डोळा प्रेक्षकासही पुरुषाच्याच जागीं बसवितो. सोनपेठच्या बाजारांत भाजी घेणारी बाईही पाहणें आणि पाहिलें जाणें यांतील भेद जाणते. तिला त्यासाठीं फ्रॉइड लागत नाहीं! परंतु हॉलिवूडच्या चित्रांवरून काढलेला हा सिद्धान्त ‘कुंकू’स लावतांच उलटा होतो. येथें मिशांना कलप लावणारा वृद्ध वकीलच प्रेक्षणीय वस्तु ठरतो. फसवून त्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्यास पति मानीत नाहीं. शान्ता आपटे यांची ती रोखलेली नजर श्रोत्यांपैकीं अनेकांस आठवत असेल. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांनीं मनांत दडपलेलें वार्धक्य आरसा त्यांच्यापुढें आणून उभें करितो.

शेवट मात्र खटकतो. काकासाहेब नीरेस कन्या मानून आत्महत्या करितात, आणि ती मोकळी होते. सुटका पुन्हां पुरुषाच्याच औदार्यानें! मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची, दिग्दर्शन शान्ताराम यांचें. पुरुषांनीं रचलेल्या कथा-नाटकांतील स्त्रिया बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालींच ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकांत तपासावयास घेतल्या होत्या.