धुळीच्या कणावरचं रसायन

निरभ्र रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यात मधेमधे काळे डाग दिसतात. तिथे तारे नाहीत असं नव्हे. वायू आणि धुळीचे ढग त्यांचा प्रकाश अडवतात. ढगांच्या गाभ्यात तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या गारठ्यात, इतक्या विरळ वायूत मोठे रेणू जमणार नाहीत, असा बहुतेकांचा समज होता. पण १९६८ साली भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला अमोनिया सापडला, पाठोपाठ पाणीही.

हे रेणू जुळण्यात खरी करामत धुळीची. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या अवकाशात भेटले, तरी त्यांचं सहसा जुळत नाही; जुळताना निघणारी ऊर्जा टाकायला जागाच नसते. धुळीचा कण ती शोषून घेतो. चक्क मध्यस्थच म्हणा ना! हा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, सिलिकेटचा किंवा कार्बनचा. त्यावर बर्फाचा थर साचतो. थरातल्या कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात आणि मिथेनॉल तयार होतं.

धनू राशीतल्या ‘सॅजिटेरियस बी-टू’ या अवाढव्य ढगात तर १९७५ साली दारूतलं अल्कोहोलही सापडलं. अवकाशात आजवर ओळखलेल्या रेणूंची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे.