बाजरीच्या माहेरचा मुलूख



भोगीच्या दिवशी आपल्या घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. ही बाजरी मूळची आपली नव्हे. पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली आणि तेथून भारतात पोहोचली. त्या बाजूच्या एका लहानशा मुलखाची आज आपणांस ओळख करून द्यावी, असा माझा विचार आहे.

नायजेरियात ७७४ स्थानिक शासनक्षेत्रे आहेत. आपले तालुकेच म्हणा ना. कडुना राज्याच्या दक्षिण भागातील 'जाबा' हे त्यांपैकी एक. क्वोई हे त्याचे मुख्य ठिकाण. पण 'जाबा' हे नाव हौसा भाषकांनी दिलेले. तेथील लोक स्वतःस 'हाम' म्हणवितात आणि आपल्या भाषेस 'ह्याम'. सरकारदप्तरी मात्र दुसऱ्याने ठेवलेले नावच चालते. बाजारात हौसा, कचेरीत इंग्रजी आणि चुलीपाशी ह्याम, असा हा व्यवहार. हौसा आणि ह्याम शेजारणी खऱ्या, पण कूळ एक नव्हे. हौसाचे दूरचे नाते अरबीशी, तर ह्यामचे योरुबा आणि स्वाहिली यांच्याशी.

याच क्षेत्रात नोक नावाचे खेडे आहे. १९४३ साली जवळच्या जेमा भागात कथलाच्या खाणीवरील एका कारकुनास मातीत भाजलेले एक मस्तक सापडले. त्याने ते सुरणासारख्या याम कंदाच्या शेतात बुजगावणे म्हणून उभे केले! पुढे ते बर्नार्ड फॅग या संशोधकाच्या हाती आले आणि दोन हजार वर्षांहून जुन्या 'नोक संस्कृती'ची जगास ओळख पटली. त्या लोकांच्या वस्त्यांत बाजरी आणि चवळीचे दाणे मिळाले आहेत.

आजही त्या भागात धान्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवितात. हौसात त्यास 'तुवो' म्हणतात. उजव्या हाताने त्याचा घास मोडावा, भेंडीच्या किंवा पाल्याच्या बुळबुळीत कालवणात बुडवावा आणि गिळावा. बाजरीचे 'कुनु' हे पेय तर आपल्या आंबिलीची आठवण करून देईल. त्यात आले असते.

आणि हे आले मात्र आपल्या आशियातून तिकडे गेलेले! विसाव्या शतकात तेच या शेतकऱ्याचे रोकड पीक झाले. आले चिरून, उन्हात वाळवून तो विकतो. त्यावरच मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. २०२३ साली दक्षिण कडुनात बुरशीचा रोग पडला आणि उभी शेतेच्या शेते नासली. एकाच पिकावर भिस्त ठेवणाऱ्या घराची काय अवस्था होते, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

मंडळी, त्यांच्याकडील बाजरी आपण आपली मानली, आपल्याकडील आले त्यांनी आपले मानले. एवढी देवघेव झालेल्या माणसांस निदान त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावाने ओळखावे, एवढेच माझे मागणे आहे. ते नाव 'हाम'.