राजाईचा परीस आणि मुलींच्या पुस्तकातला परीस

(आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी करकंब येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. मी सातवीपर्यंत शिकलेली. आजवर माइकसमोर उभी राहिले ती फक्त हळदीकुंकवाच्या उखाण्यासाठी. परंतु विषय ‘पुराणातल्या गोष्टी आणि आजची मुलांची पुस्तके’ असा निघाला, म्हणून धीर केला. या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती सांगितली म्हणजे भाषण आपोआप होईल, असे मला वाटले.

आपला भाग पोथीचा. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातल्या, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. हरिविजय १७०२ सालचा, शिवलीलामृत १७१८ सालचे. म्हणजे तीनशे वर्षे होऊन गेली, तरी श्रावणात दिवेलागणीला आमच्या सासूबाई पोथी सोडतात आणि आळीतल्या चारजणी पदर सावरून ऐकावयास बसतात. माझी थोरली मुलगी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून हे सारे ऐकत असे. दहावीत गेली आणि तिचे बसणे सुटले. जेव्हा पाहावे तेव्हा एका जाडजूड पुस्तकात तोंड खुपसलेले. वर जादूगाराच्या पोराचे चित्र. आत्तेभावाने पंढरपूरहून आणून दिलेले.

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, “पोरगी देवाधर्माला विसरली गं.” माझ्याही डोक्यात राग गेला. मी ते पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतले आणि ज्वारीच्या पोत्यांमागे दडवून ठेवले. पोरगी रडली नाही, बोलली नाही. दोन दिवस मुकाट्याने जेवून उठली. ते मला रडण्याहून जास्त लागले.

भगिनींनो, मलाही वाचनाची फार हौस होती. सातवीनंतर शाळा सुटली. मग वाण्याच्या पुड्याचा कागद उलगडून त्यावरची अर्धी गोष्ट मी वाचीत असे. एकदा असाच कागद घरातल्या मोठ्या माणसाने माझ्या हातून घेऊन चुलीत घातला. त्या गोष्टीचा शेवट काय झाला ते मला आजतागायत समजलेले नाही. पोत्यांमागे पुस्तक ठेवताना हे मला आठवले नाही. तिसऱ्या दिवशी ज्वारी काढावयास गेले तेव्हा आठवले. मी तिथेच पोत्यावर बसले आणि पुस्तक उघडले.

नाव होते ‘हॅरी पॉटर आणि परीस’. रोलिंगबाई नावाच्या इंग्रज लेखिकेचे, १९९७ साली इंग्रजीत निघालेले, आता मराठीत आलेले. परीस हा शब्द पाहूनच मी थबकले. परीस तर आपल्या पंढरपूरचा!

तुम्हांपैकी पुष्कळजणींना ती कथा ठाऊक आहे. महिपतीबुवांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ती आहे. परिसा भागवतांकडे परीस होता. लोखंडाला लावला की सोने. त्यांची बायको कमळजा आणि नामदेवांची बायको राजाई या मैत्रिणी. नामदेव विठ्ठलापुढे कीर्तनात रंगलेले आणि घरात पीठ नाही. राजाईची ओढाताण कमळजेला पाहवेना. तिने नवऱ्याच्या चोरून परीस राजाईला दिला. राजाईने सोने केले, घरात दाणागोटा आणला. नामदेव घरी आले, त्यांना सारे कळले आणि त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत भांडावयास आले, तेव्हा नामदेवांनी नदीत बुडी मारून ओंजळभर खडे वर आणले. पाहतात तो सगळेच परीस! भागवतांचा अहंकार गळाला.

आता त्या इंग्रजी पुस्तकात काय आहे ते ऐका. तिथला परीस सोने करतो आणि शिवाय माणसाला मरणापासून राखतो. एक दुष्ट मांत्रिक त्याच्या मागे लागलेला आहे. शाळेच्या थोर गुरुजींनी परिसावर अशी योजना केलेली असते की, ज्याला तो केवळ शोधावयाचा आहे, वापरावयाचा नाही, त्यालाच तो मिळावा. म्हणून तो त्या अनाथ पोराच्या खिशात येतो, दुष्टाच्या हाती लागत नाही. आणि शेवटी तो परीस ठेवीत नाहीत, नष्ट करून टाकतात. मी पुस्तक मिटले आणि मनात म्हटले, अगं, हा तर चंद्रभागेचाच घाट की!

यावर कोणी म्हणेल की त्यांनी आमचेच चोरले. तसे म्हणू नये. परिसाची हाव युरोपातही शेकडो वर्षे होती. त्या पुस्तकात ज्याच्या मालकीचा परीस दाखविला आहे तो निकोलस फ्लामेल पॅरिस शहरात राहणारा खरा माणूस होता. तो १४१८ साली वारला, आणि त्याला परीस सापडला होता अशा दंतकथा मागाहून पसरल्या. पुढच्या पुस्तकांत तो दुष्ट मांत्रिक आपल्या जिवाचे तुकडे करून निरनिराळ्या ठिकाणी लपवितो, त्यांतला एक नागिनी नावाच्या सर्पिणीत. आपली आजी सांगे ना, राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडच्या पोपटात! रशियाकडच्या गोष्टीत तोच जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात आणि अंडे बदकात असते. जिथे चूल तिथे धूर, तशी जिथे माणसे तिथे या गोष्टी.

परंतु आपल्या पुराणातले नाव मुद्दाम घेऊन नवी कल्पित गोष्ट लिहिणारे आपल्यातही झाले. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंतराव नारळीकर हे जगभर मान्यता पावलेले खगोलशास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली त्यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे त्यांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात फार प्राचीन काळी नाश पावलेल्या, विद्येत पुढे गेलेल्या लोकांचा ठेवा जमिनीतून सापडतो. त्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवितात. दिसण्यात लहान, म्हणून त्याचे नाव वामन. त्याला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करावयाचे असतात. आणि तसे झाले तर माणसाला जागा उरणार नाही.

पोथीतला वामन आठवा. मागणे किती? तीन पावले भूमी. शुक्राचार्यांनी सावध केले तरी बळीने शब्द पाळला आणि पाताळात गेला. आपण बायका पाडव्याला ओवाळताना “इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो” म्हणतो, ते काही उगाच नाही. गोष्ट एकच, पण जुन्या वामनापुढे आपण हात जोडतो आणि नव्या वामनाला पाहून धास्तावतो. आता माणसासारखे बोलणारे यंत्र मोबाइलमध्येच आले आहे. घरात आला तेव्हा त्या मोबाइलनेही तळहाताएवढीच जागा मागितली होती. दुसरे पाऊल कोठे पडले ते आपण जाणतोच.

नारळीकरांची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. पुराणातले नाव त्यांनी कथेला घेतले, परंतु पुराणात विमाने आहेत म्हणून पूर्वी विज्ञान होतेच, असे पुराव्यावाचून म्हणणे त्यांना मान्य नव्हते. २० मे २०२५ रोजी पुण्यास ते वारले. गोष्टीला गोष्ट म्हणावे आणि तरीही तिच्यातून शहाणपण घ्यावे, हे या थोर माणसाकडून आपल्याला शिकता येईल. शक्ती मिळाली तर ती कोणाच्या हाती असावी, हेच पोथीही विचारते आणि मुलांचे पुस्तकही विचारते.

आता माझ्या चुकीचे सांगते. मी पुस्तक मुलीला परत दिले आणि म्हटले, “चुकले गं माझे. मी वाचले. नामदेवांनीही परीस असाच टाकला होता.” पोरीचा चेहरा उजळला. पण लगेच म्हणाली, “आई, नामदेवांनी राजाईला विचारले होते का? तिच्या घरात तर पीठ नव्हते.” मी म्हटले, “तुझ्या पुस्तकात तरी फ्लामेलच्या बायकोला विचारले का?” तिने पान काढून पाहिले. बोलणे झाले ते फ्लामेल आणि गुरुजी या दोघांत. बायकोला विचारल्याचे लिहिलेले नाही. आम्ही मायलेकी खूप हसलो. सासूबाई आतून म्हणाल्या, “राजाईला कोण विचारतंय बाई! पीठ मात्र तिनेच आणायचं.” सासूबाई पोथीतल्या माणसाला असे बोलल्याचे मी वीस वर्षांत प्रथमच ऐकले.

नामदेवांची थोरवी यामुळे तिळभरही कमी होत नाही. परंतु पोथी मी इतकी वर्षे ऐकली ती हात जोडून; राजाईच्या बाजूने ऐकली नव्हती. ते मला पोरीने शिकविले, आणि तिला हा प्रश्न सुचला तो दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यामुळे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या कपाटात पोथ्या आहेत, पाककृतीची पुस्तके आहेत. त्यांच्या शेजारी मुलांच्या या कल्पित गोष्टीही ठेवाव्यात. पोरीबाळींनी न्याव्यात, आणि त्यांच्या आयांनीही न्याव्यात. पुस्तक हिसकावण्याआधी निदान वीस पाने वाचून पाहावीत.

हल्ली आमच्याकडे श्रावणात पोथी झाली की थोरली दोन पाने तिच्या पुस्तकातली वाचते. सासूबाई जपमाळ ओढीत ऐकतात आणि मधेच विचारतात, “मेला का तो मांत्रिक?”