न पाहिलेला समुद्र



तानसेनाच्या गावात, मराठी साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर, अमेरिकेतल्या पोरांच्या गिटारी घेऊन कोणी उभा राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वाटणे साहजिक आहे. पण विषय गाण्याचा दिसला तरी त्यातला प्रश्न साहित्याचा आहे, आणि त्यातही आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचा. जो प्रदेश आपण राहून पाहिलेला नाही, त्याच्यावर लिहिलेले खोटे असते का? आणि जो रोज पाहतो, त्याच्यावर लिहायला आपण कधी लागणार? या दोन प्रश्नांसाठी मी 'बीच बॉइज' या मंडळींच्या पहिल्या तीन-चार तबकड्यांचा आधार घेणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लांबट फळीवर उभे राहून लाटेवर स्वार व्हायचे, हा सर्फिंग नावाचा खेळ मूळचा हवाई बेटांकडचा. १९६० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तो तरुण मुलांचे वेडच होऊन बसला. या वेडाला स्वतःचे संगीत मिळाले ते प्रामुख्याने डिक डेल या गिटारवादकामुळे. त्याचे खरे नाव रिचर्ड मॉन्सूर. वडिलांचे कुळ लेबनॉनचे. हा डावखुरा माणूस स्वतः लाटांवर जात असे, आणि लाट अंगावर कोसळताना जे वाटते ते तारेतून काढायचे, असा त्याचा हट्ट होता. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने त्याच्यासाठी अधिकाधिक दणकट ध्वनिवर्धक तयार केले. शिवाय एक पेटी होती, तिच्यात स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. सूर त्यांतून फिरून बाहेर येई तो ओला होऊन, घुमत. आज ज्याला आपण समुद्राचा आवाज समजतो, तो त्या पेटीतल्या स्प्रिंगांचा आहे!

डिक डेलची सर्वांत गाजलेली चीज म्हणजे १९६२ ची 'मिसिरलू'. नावाचा अर्थ इजिप्तची मुलगी. ही धून भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाकडची, ग्रीक आणि अरब मंडळींत जुनी. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना एक गंमत सांगतो. या धुनेचे स्वर पाहा: कोमल ऋषभ, कोमल धैवत, बाकीचे शुद्ध. म्हणजे आपला भैरव थाट. राग भैरव नव्हे, पण सप्तक तेच. आणि एकाच तारेवर उजवा-डावा आघात इतक्या वेगाने, की सूर तुटतच नाही. हाफिज अली खाँसाहेबांच्या गावातल्या कानांना जव्याची अशी धाव नवी नाही. मी येथे कसलेही नाते जोडू पाहत नाही. एवढेच दाखवायचे आहे, की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची म्हणून जी ओळख जगभर झाली, ती धूनही परगावाहून आलेली होती.

आता आपली मुख्य मंडळी. लॉस एंजेलिसजवळ हॉथॉर्न नावाची साधी, मध्यमवर्गीय वस्ती आहे. तिथे ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू एकाच खोलीत झोपत. थोरला ब्रायन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तो 'फोर फ्रेशमेन' या गायकवृंदाच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून त्यातले चार आवाज वेगवेगळे करी आणि धाकट्यांना एकेक सूर वाटून देई. तालीमच म्हणा ना. त्यांना मावसभाऊ-आतेभाऊ म्हणतात तसा एक भाऊ, माइक लव्ह, आणि एक मित्र, अल जार्डिन, येऊन मिळाले. १९६१ साली मधल्या डेनिसने सुचवले, की सर्फिंगवर गाणे करू या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सर्फिन' हे पहिले गाणे ध्वनिमुद्रित झाले. मुलांनी स्वतःचे नाव 'पेंडलटोन्स' ठेवले होते. तबकडी छापून आली तेव्हा तिच्यावर 'बीच बॉइज' असे नाव होते, कंपनीने परस्पर बदललेले.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या किनाऱ्यावरच्या पोरांपैकी लाटेवर खऱ्या अर्थाने जाणारा एकटा डेनिस. ज्याने सुरावटी रचल्या तो ब्रायन फळीवर उभा राहणाऱ्यांतला नव्हता. घरापासून समुद्र सात-आठ किलोमीटरवर, पण त्याचे दिवस पियानोशी जात.

पहिली तबकडी 'सर्फिन सफारी' ऑक्टोबर १९६२ ची. बारा गाणी, अवघी पंचवीस मिनिटे. मुखपृष्ठावर पॅराडाइज कोव्ह येथील वाळू, झावळ्यांनी सजवलेली गाडी आणि फळी धरून उभी असलेली मुले. गाणी कच्ची आहेत. आवाज कोवळे, वाद्ये किरकोळ, काही गाण्यांचा तर समुद्राशी संबंधही नाही. त्यांत एकच गोष्ट पक्की आहे, ती म्हणजे उत्साह.

दुसरी, 'सर्फिन यू.एस.ए.', मार्च १९६३ ची. ती लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. शीर्षकगीताची चाल चक बेरीच्या १९५८ च्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'वर बेतलेली आहे आणि पुढे त्याचे श्रेय बेरीकडे गेले. शब्द पाहिले तर कल्पना मोठी मजेदार आहे: साऱ्या देशालाच समुद्र असता तर! मग एकामागून एक किनाऱ्यांची नावे. ही नावे ब्रायनने एका ओळखीच्या सर्फर मुलाकडून विचारून घेतली होती. आपल्याकडे स्तोत्रात तीर्थांची नावे येतात, तशी ती येतात. म्हणणाऱ्याने प्रत्येक तीर्थी स्नान केलेले असतेच असे नाही. नाव उच्चारण्यातच पुण्य. याच तबकडीवर पाच गाणी नुसत्या वाद्यांची आहेत आणि त्यांत 'मिसिरलू'ही आहे. डेलच्या समोर ती फिकी वाटते. जो स्वतः लाटेवर गेला त्याच्या हातात आणि ज्याने ऐकून घेतले त्याच्या हातात फरक राहतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मग विद्यार्थ्याने विचारावे, की ही गाणी खोटी का? मी म्हणतो, नाही. आपल्या ख्यालाच्या बंदिशी घ्या. पनघट, गागर, यमुनेचा काठ, सासू-नणंदेचा जाच, पावसात अडकलेला प्रियकर. या बंदिशी गाणाऱ्या किती बुवांनी डोक्यावर घागर वाहिली होती? ब्रज ही ख्यालात जागा नाही, ती एक भाषा आहे. ती शिकावी लागते, आणि शिकल्यावर तिच्यात स्वतःचे दुःख सांगता येते. अमेरिकेच्या मधल्या प्रांतांत, जिथून समुद्र हजार मैल, तिथल्या मुलांनी या तबकड्या विकत घेतल्या. त्यांना समुद्राची माहिती नको होती. मोकळीक हवी होती, आणि तिला त्या वर्षी समुद्र हे नाव मिळाले होते.

ग्वाल्हेरकरांना तर हे सर्वांत आधी कळावे. येथील गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिकून दक्षिणेत नेली. मिरजेला विष्णु दिगंबर त्यांच्याकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे नारायणराव व्यासांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून ती गायकी घराघरांत गेली. त्या ऐकून 'ग्वाल्हेर' हा शब्द मनात घोळवणाऱ्या किती लोकांनी हा किल्ला पाहिला असेल? त्यांच्यासाठी ग्वाल्हेर म्हणजे आवाज लावण्याची एक रीत. आणि त्याच वेळी इकडे लष्करात आपले आजे-पणजे कोकणावर, कृष्णाकाठावर कविता करीत होते. मिरजेचा माणूस न पाहिलेले ग्वाल्हेर गातो, ग्वाल्हेरचा माणूस न पाहिलेले कोकण लिहितो. यात फसवणूक कोणाचीच नाही.

पण येथे थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. तिसरी तबकडी 'सर्फर गर्ल' सप्टेंबर १९६३ ची. निर्माता म्हणून ब्रायनचे नाव प्रथमच हिच्यावर आले, वय एकवीस. मुखपृष्ठ पुन्हा पॅराडाइज कोव्हचेच, पहिल्या तबकडीच्या वेळी काढलेल्या छायाचित्रांतले. वरून पाहणाऱ्याला वाटावे, तेच ते. आत मात्र 'इन माय रूम' नावाचे एक गाणे आहे, गॅरी अशर याच्यासोबत रचलेले. त्यात लाट नाही, फळी नाही, ऊन नाही. एक मुलगा आपल्या खोलीचे दार लावून घेतो आणि तिथे त्याला भीती वाटत नाही, एवढाच विषय. सुरुवातीला एक आवाज, मग त्याला दुसरा, तिसरा येऊन मिळतो. ज्या खोलीत भावांना सूर वाटून दिले, ती खोलीच गाण्यात आली. ब्रायनला जे स्वतःचे म्हणून ठाऊक होते ते हेच.

आदल्या तबकडीवरच्या 'लोनली सी' या गाण्यात याची चाहूल लागते. तिथे समुद्र आहे, पण तो एकटा आहे. मजेच्या जागेचे मनाच्या जागेत रूपांतर होऊ लागले आहे. मग खोली. आणि तीनच आठवड्यांनी कंपनीच्या घाईने चौथी तबकडी, 'लिटल ड्यूस कूप', बहुतेक मोटारींवर. तिच्यातली चार गाणी आधी येऊन गेलेलीच. बाजाराला तेच ते हवे असते. मात्र १९६६ च्या 'पेट साउंड्स'चे बीज मला मोटारींत दिसत नाही, त्या खोलीत दिसते.

या लाटेचे पाणी आपल्या बाजूलाही आले. १९६५ साली राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'मध्ये शंकर-जयकिशन यांनी 'जान पहचान हो' केले. मोहम्मद रफींचा आवाज, पडद्यावर टेड लायन्स आणि त्याची वाद्यमंडळी, डोळ्यांवर मुखवटे, आणि लक्ष्मी छाया यांचे ते झपाटलेले नृत्य. गिटारीचा बाज याच जातकुळीचा. तिथे समुद्र तर नाहीच. आहे तो नाचघराचा मंच. आणि २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी एक कंटाळलेली मुलगी याच गाण्यावर नाचते. कुठे? आपल्या खोलीत.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या लेखनात कोकणचा पाऊस आहे, सह्याद्री आहे, पुण्याची पेठ आहे. हे सारे वारशाने आलेले आहे आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पंजाब मेलमध्ये सबंध दिवस-रात्र बसल्यावर मुंबईचा समुद्र दिसतो. त्याच्यावर कविता करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण आपली 'इन माय रूम' कुठे आहे? मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिसाला जातो. दुपारी लू चालते. खसाच्या ताट्यांवर पाणी मारतात, कूलरचा घरघराट सुरू असतो आणि आजी अंधाऱ्या खोलीत कैरीचे पन्हे ढवळत बसते. या लूला प्रमाण मराठीत शब्द नाही. आपण घरात 'लू' म्हणतो आणि कागदावर 'झळ' लिहितो. झळ म्हणजे लू नव्हे. आपण 'आंधी आली' म्हणतो आणि लिहिताना तिचे 'वादळ' करतो. बाड्यावरच्या दुकानदाराशी हिंदीत, आईशी मराठीत, भावाशी दोन्हींत बोलतो, आणि कथेतल्या पात्रांना मात्र सदाशिव पेठेत नेऊन बसवतो. पुण्याच्या संपादकाला कळेल ना, ही भीती.

श्रोतेहो, ही भीती खर्चिक आहे. घराघरांतून मराठी बोलणारी मुले कमी होत आहेत, हे सांगायला आकडेवारी नको; या सभागृहातल्या मागच्या रांगा पुरेशा आहेत. त्या मुलांना आपण जे मराठी साहित्य देतो, त्यात त्यांना कधी स्वतःचे घर भेटत नाही. समुद्र भेटतो. समुद्र सुंदर आहे, पण तो दुसऱ्यांचा आहे, असे त्यांना वाटत असेल तर दोष त्यांचा नाही. ज्या भाषेत आपली खोली नाही, त्या भाषेत माणूस पाहुण्यासारखा वावरतो, आणि पाहुणा केव्हातरी निघून जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. समुद्र सोडू नका. त्या मुलांनीही तो एकदम सोडला नाही; त्याच तबकडीवर, त्याच वाळूच्या चित्राखाली, त्यांनी खोलीचे गाणे ठेवले. तसेच एक गाणे आपण ठेवू या. पुढच्या अंकासाठी कथा पाठवाल तेव्हा 'लू' हा शब्द खोडू नका. खाली तळटीप हवी तर द्या, पण खोडू नका. पुण्याचा वाचक किनाऱ्यांची इतकी परकी नावे ऐकून डोलतो, तो आपल्या एका शब्दाने बिचकणार नाही.