काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन

जिवतीत उभं राहून वाइनवर बोलायचं म्हणजे एक गोष्ट आधी सांगायला हवी. या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. ती का मागावी लागली हे इथल्या मायबहिणींना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तेव्हा ‘प्या’ असं मी म्हणणार नाही. वाइनचे परीक्षक तरी कुठे पितात? घोट तोंडात घोळवतात नि थुंकून टाकतात. त्यांचं काम नाकाचं.

आजची वाइन सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची. तिथल्या मोहिते-पाटील बंधूंनी दिल्लीच्या सेखरी आणि इटलीच्या सेच्ची बंधूंबरोबर ‘फ्रातेली’ उभी केली. या नावाचा इटालियनमधला अर्थच ‘भाऊ’. त्यांची सांजोवेसे बियांको ही पांढरी वाइन काळ्या द्राक्षाची आहे. सांजोवेसे हे इटलीतल्या टस्कनीचं, कियांती या तांबड्या वाइनचं द्राक्ष. त्याची लेखी नोंद १५९० च्या सुमाराची, लागवड त्याहून जुनी. २००४ मध्ये जनुकीय तपासणीतून त्याचे आईबाप शोधले गेले, तर त्यातलं एक दक्षिण इटलीतलं, जवळजवळ नामशेष झालेलं वाण निघालं.

काळ्यातून पांढरं निघतं कसं? रंग सालीत असतो, गराचा रस फिकाच. तोडलेले घड हलक्या हातानं, लगेच दाबायचे आणि सालीला रसात मुरू द्यायचं नाही. फ्रान्समध्ये शॅम्पेनसाठी हे पूर्वीपासून चालत आलंय. अवघड आहे ते वेळ साधणं. इटलीत वेल थंडीत झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही. म्हणून वेल दोनदा छाटायचा: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे तुमच्याकडे मोह गळायला लागतो त्याच्या थोडी आधी.

मोहाचं नाव मी मुद्दाम घेतलं. पहाटे झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाईला ताजं फूल, उन्हात सुकलेलं आणि ओल लागून बिघडलेलं, हे तिन्ही वासावरून कळतं. वाइनच्या पुस्तकांत मात्र आपण कधी न खाल्लेल्या फळांची यादी असते आणि शहरातले लोक ती पाठ करतात. मला ते हास्यास्पद वाटतं. या वाइनमध्ये मला कच्चा पेरू आणि लिंबाची साल आठवली; तुम्हाला चारोळीचं पिकलं फळ आठवलं तर तेच लिहावं. फरक एवढाच की मोहाची दारू भट्टीवर वाफ धरून काढतात, वाइन फक्त आंबवतात. म्हणून वाइनचा वास हळू बोलतो, आणि पेला फिरवावा लागतो.

आणि ती बर्फासारखी गार करू नये. दहा अंशांच्या आसपास ठीक. त्याहून फार खाली गेली की वास मिटतो, नुसती आंबट चव उरते, आणि मग टस्कनी काय नि अकलूज काय, ओळखू येत नाही.