वडिलांची चाल



आज मी पायांविषयी बोलणार आहे. सपाट रस्त्यावर अडखळणाऱ्या, उठसूट मुरगळणाऱ्या, चालता चालता ज्यांतून स्लिपर निसटून मागे राहते अशा पायांविषयी. असं एखादं मूल तुमच्या पाहण्यात असेल, कदाचित तुमच्याच घरात असेल. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागतं. मी ते पन्नाशीपर्यंत ऐकलं.

लंगडीत दोन-तीन उड्यांतच माझा दुसरा पाय जमिनीला टेकायचा. दोरीवरच्या उड्या कधी जमल्याच नाहीत. नोकरीला लागल्यावर सँडलला मागून पट्टा असलाच पाहिजे हे शिकले. चाळिशीनंतर हातांनीही साथ सोडायला सुरुवात केली. ब्लाउजचे हूक लावायला वेळ लागू लागला, सेफ्टी पिन बोटांत धरवेना, कुलपात किल्ली फिरवायला दोन्ही हात लागू लागले. सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जायचा. घरच्यांनी सांगितलं, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. मलाही ते पटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी माझी पावलं बराच वेळ निरखली. तळव्याची कमान उंच, बोटं आत वळलेली, पिंडऱ्या बारीक. त्यांनी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी मला टाचांवर चालायला सांगितलं. पावलाचा पुढचा भाग मला जमिनीवरून उचलताच येईना. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हलला नाही. मग कंप पावणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला. मला काहीच जाणवलं नाही. तोच चिमटा गुडघ्यावर ठेवल्यावर मात्र थरथर स्पष्ट कळली. अंगठ्यातली संवेदना कधी गेली, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, “घरात आणखी कोण असं चालतं?”

माझे वडील. प्रत्येक पावलाला ते गुडघा उंच उचलत, आणि पाऊल जमिनीवर थपकन पडे. अंधारातही आम्ही पोरं ओळखायचो, अण्णा आले. त्यांच्या वहाणा बाहेरच्या कडेनेच झिजत. आमच्या गावातल्या चर्मकारमामांना ते माहीत होतं. न सांगता ते त्या बाजूला जाड टाच लावून देत. अण्णांच्या हातांची बोटंही उतारवयात वाकली. तेव्हा गावात कुजबुज झाली, लग्नकार्यात लोक त्यांच्या पंगतीला बसायला कचरू लागले. त्यांना कुष्ठरोग नव्हता. डॉक्टरांनी मात्र माझ्या अंगावर बधिर चट्टे आहेत का हे नीट पाहिलं, साखर आणि बी-बारा तपासलं, आणि ते योग्यच होतं. हातापायांच्या नसा या कारणांनीही बिघडतात आणि त्यांवर उपचार आहेत. कुष्ठरोगाची औषधं तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

माझी ही तपासणी स्वच्छ आली. मग नसांची विजेची तपासणी झाली. त्वचेवर बारीक झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजतात. हाताच्या नसेत हा वेग सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा अधिक असतो. माझा 20च्या आसपास निघाला. डॉक्टरांना ज्या आजाराचा संशय होता, त्याच्या एका मोठ्या गटात तो 38च्या खाली असतो.

आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. पॅरिसचे जाँ-मार्तँ शार्को आणि प्येर मारी, आणि इंग्लंडचे हॉवर्ड हेन्री टूथ यांनी 1886 साली त्याचं वर्णन केलं. साधारण अडीच हजार माणसांत एकाला तो असतो असं धरतात. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या गावात दोन-चार जण सहज असतील. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं मूळ 1991 साली सापडलं. सतराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा या माणसांत जास्तीचा असतो, त्यामुळे नसेवरच्या आवरणातलं एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होतं आणि आवरण बिघडतं. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस सर्वांत लांब, म्हणून नळाच्या लाइनीतल्या शेवटच्या घरासारखी पहिली झळ पावलांना बसते. हातांची पाळी नंतर येते.

हा आजार हळूहळू वाढतो. सहसा आयुष्य कमी करत नाही. तो बरा करणारं औषध आज नाही. “मग नाव कळून काय उपयोग?” असं मला पुष्कळांनी विचारलं. उपयोग आहे. पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट बुटात बसतो. तो लावल्यापासून मी पडलेले नाही. पिंडऱ्यांचे स्नायू ताणण्याचे व्यायाम आहेत. तळव्याला चटका कळत नाही हे समजल्यामुळे उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मी अनवाणी जात नाही, आंघोळीचं पाणी कोपराने पाहते, रात्री तळवे आरशात तपासते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध या आजारात नसांची गंभीर हानी करू शकतं. घरात हा आजार असेल तर तसा उपचार ठरण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं.

माझा रक्ताचा जनुकीय रिपोर्ट अजून यायचा आहे. तोवर डॉक्टर ‘बहुतेक’ असाच शब्द वापरतात. पण भावाला मी लगेच सांगितलं. आजार या सर्वसामान्य प्रकारातला असेल तर आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. एकाच घरात कुणाची फक्त तळव्याची कमान उंच असते, तर कुणाला काठी लागते.

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, आत्ता कुठे बोलू नकोस. पोरीचं जमतंय.” त्याची भीती मला कळते. आपल्याकडे स्थळ बघताना तब्येतीचं जे जे लपवता येईल ते लपवलं जातं, आणि पुढे सासरी त्याची किंमत मुलगी मोजते. मी त्याला एवढंच म्हटलं की हे तिच्या शरीराबद्दल आहे, तेव्हा आधी तिला कळू दे.

भाचीनेच मार्ग काढला. मोरीत पाय ओले करून ती कोरड्या फरशीवर उभी राहिली. टाच उमटली, चवडा उमटला, मधली जागा कोरडी. उंच कमान पुष्कळ निरोगी लोकांचीही असते, तेव्हा यावरून काही ठरत नाही, हे मी तिला सांगितलं. ती टाचांवर खोलीभर व्यवस्थित चालली. तरी तिने ठरवलं की माझा रिपोर्ट आल्यावर जनुकीय सल्लागारांना भेटायचं, तपासणी करायची की नाही ते त्यानंतर पाहायचं. मुलाकडच्यांशीही ती स्वतःच बोलली. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे. हे सगळं रेडिओवर सांगू का, असं मी तिला आणि भावाला विचारलं. दोघांनीही ‘सांग’ म्हटलं.